आखूडशिंगी

दुकानदार वेइक्को म्हणाला, हे काडतूस आता कोणी मागत नाही.
मागच्या फळीवरून दोन खोकी काढली,
धूळ फुंकली, भाव मात्र आजचाच लावला.
मी दोन्ही घेतली.

हे बघ तूलिया, तळहातावर ठेव.
लांब मॅग्नमच्या शेजारी हे
पंगतीला उशिरा आलेल्या बुटक्या पाहुण्यासारखं दिसतं:
तेरा मिलिमीटरनं आखूड, अंगानं भरलेलं,
खांदा पस्तीस अंशांत ताठ उतरलेला.
आत दारू रांगेत उभी नसते,
शेकोटीभोवती बसावी तशी दाटीनं बसते,
ठिणगी पडली की सगळी एकदम उठते.
आखूडशिंगी, बहुदुधी.
अशी गाय कुणाच्याच गोठ्यात नसते म्हणतात.
माझ्या कपाटात आहे. कुलपात.

ताइस्तो हसायचा.
'एइला, बाटलीची बुचं भरून आणलीस का?'
त्याची रायफल लांबुळकी,
बोल्ट ओढताना कोपर मागच्या बर्चला लागायचं,
आणि घाईत तो पुरता मागे यायचाच नाही:
नळी रिकामी, मूस पसार,
आणि कुत्रीलाही पाठ झालेल्या शिव्या.

दोष सांगते, तेही ऐक.
पेटीत तीनच मावतात,
आणि जाडी माणसं दारात अडतात तशी
कधी एकमेकांना अडतात.
धक्काही बसतो. बसत नाही म्हणणारा
काहीतरी विकायला बसलेला असतो.
कायानीच्या डॉक्टरनं माझा खांदा दोनदा उघडला,
म्हणाला, आता बंदूक सोडा.
मी हलकी घेतली.
गोळी वर्षाला एकदा सुटते, फार तर दोनदा.
पट्टा अकरा दिवस खांद्यावर असतो,
दलदलीतून, घोट्याएवढ्या गार पाण्यातून.
हे त्याच्या पुस्तकात नव्हतं.

ऑक्टोबरात, हाउकीच्या दलदलीकाठी
हिप्पू एका जागी उभी राहून भुंकत होती,
एकसारखी, घड्याळ लावल्यासारखी.
मग भुंकणं सरकू लागलं.
आल्डरच्या झुडपातून नर बाहेर आला,
आधी शिंगं, मग बराच वेळानं बाकीचा.
एकशे चाळीस पावलं.
पहिली गोळी किंचित मागे गेली, मला कळलं.
गाल दस्त्यावरून उचललाच नाही,
बोल्ट बोटभर मागे, बोटभर पुढे,
दुसरी सुटली तेव्हा पहिलीचा आवाज
अजून पलीकडच्या टेकडीवर होता.
तो अकरा पावलं चालला
आणि क्रॅनबेरीत पुढचे गुडघे टेकले.

ताइस्तो आला. दोन भोकांमधलं अंतर
वितीनं मोजलं. बुचाचं नाव काढलं नाही.
थर्मासमधली कॉफी आधी मला दिली,
मग मागची तंगडी उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतली
आणि वाटेत एकदाही थांबला नाही.
आमच्यात हीच शाबासकी.

फेब्रुवारीत तो गेला.
आमच्याकडे पेटी खांद्यावर नेत नाहीत,
पट्टे धरून, हातांनी, कमरेच्या उंचीवर.
आम्ही सहा जण होतो.
खांद्यावर काहीच नव्हतं,
आणि रात्रभर तोच दुखला.

तर, दोन खोक्यांतली चाळीस,
कॉफीच्या डब्यातली अकरा.
रिकामी टोपणं पुन्हा भरता येतात,
पण तो नाद ताइस्तोचा होता,
त्याचा तराजू त्याच्या मुलानं विकला.
दर शरदात तीन दुर्बीण तपासायला,
दोन मूसला, म्हणजे वर्षाला पाच.
मी चौसष्टची.
दहा वर्षं, आणि वर एक.
वेइक्कोला म्हटलं, आणखी मागवू नकोस.

हिशेब जमला होता.
मग तू चाचणीचा अर्ज घेऊन आलीस.
चार गोळ्या, पंचाहत्तर मीटर, मूसचं चित्र.
म्हणजे नऊ वर्षं, आणि वर दोन.

चालेल.
कोपर खाली घे. श्वास अर्धा सोड.
आणि कान झाक, बुटकं असलं तरी
ओरडतं मोठ्यानं.