कललेलं भिंग

जून संपत आला, आणि वार्डोत
सूर्य बुडायचं नाव घेत नाही.
रात्री दोनला जाड पडदा ओढून घेते,
तरी फटीतून एक पिवळी सुई आत येते
आणि माझ्या उजव्या डोळ्यात वाकते.

अकरा वर्षांपूर्वी ट्रॉम्सोत बसवलं हे भिंग.
पट्टी निघाली तेव्हा कळलं,
स्वयंपाकघराची भिंत पांढरी आहे.
मी तिला इतकी वर्षं सायीच्या रंगाची समजत होते.

आता बंदरात ऑडवारची एकच होडी,
मला दोन:
एक पाण्यावर,
दुसरी तिच्याच डोक्यावर, धुऊन विटल्यासारखी.
दोन्हींतून ऑडवार हात हलवतो.
मी खालच्याला उत्तर देते. कधी चुकते.

डॉक्टर हाल्डिस माझ्या नातीच्या वयाची.
थेंब घातले, दिव्याची बारीक फट
डोळ्यावरून फिरवली, म्हणाली,
"भिंग खाली घसरलंय. आतले धागे झिजलेत.
आम्ही याला सूर्यास्त म्हणतो."
मला हसूच आलं.
जूनमध्ये, वार्डोच्या बाईला!

धाग्यांचं मला काय सांगते?
चाळीस वर्षं शेडमध्ये उभं राहून
गळांना आमिष लावलं मी,
एका टबात चारशे गळ,
डोळ्यांत तेल घालून, बोटं गारठलेली.
दोरी ओझ्यानं तुटत नाही.
एकाच जागी रोज थोडी घासत राहते,
आणि तिकडे कुणी बघत नाही,
कारण गाठ शाबूत असते.

तिनं कागदावर काढून दाखवलं:
पिशवी, पिशवीत भिंग, भोवती धागे,
धाग्यांवर राखेसारखी पूड.
"इकडच्या म्हाताऱ्या माणसांत पुष्कळ आढळते."
मग आईच्या डोळ्यांतही होती का ती?
शेवटी शेवटी ती कप चाचपून धुवायची,
एखादा फुटायचा,
आणि आम्ही तिला वेंधळी म्हणायचो.

"सप्टेंबरात या. टाका घालून वर बांधू."
"गाठ कोणती?" मी विचारलं.
तिनं हवेत बोटांनी मारून दाखवली.
"ओल्या दोऱ्यावर ही सुटते," म्हटलं,
"अजून एक वेढा घे."
ती लिहून घेत होती
की नुसती मान डोलावत होती,
त्या डोळ्याला दिसलं नाही.

तोवर खिडकीशी बसते.
मान पार मागे टाकली
की भिंग जरासं वर सरकतं बहुतेक,
वरची खोली एक होते, दिव्याची दोरी एक,
आणि ऑडवार दारातून विचारतो,
छताला काय बघतेस, ओलाउग,
कॉफी उतू चालली.