कोरडेपणाचा दावा

माझं काम दिसत नाही.
बेसमेंटच्या भिंतीमागे आहे ते:
चार मिलिमीटरची काळी चादर,
गॅसच्या ज्योतीने सांध्यासांध्याला चिकटवलेली.
पलीकडे खारं पाणी. अजमानात दोन मीटर खणलं
की समुद्र पाय पसरून बसतो.
तो आत आला नाही, हेच माझं काम.

बिल मात्र दिसतं.
चार लाख बारा हजार दिरहम,
खाली शिक्का, सही, "स्वीकृत",
आणि त्यावर दहा महिन्यांची धूळ.

वकिलाच्या कारकुनाने, शशिधरनने,
बोटाला थुंकी लावत करार उलटला
आणि चौदाव्या कलमाशी थांबला:
मुख्य ठेकेदाराला मालकाकडून पैसे मिळाले
की मगच तुम्हाला.
"सही तुमचीच ना?"
माझीच. गाडी डबल पार्क करून, घाईत.

तरी वाट आहे म्हणाला.
आधी नोटीस. मग दावा, तोही अरबीतून,
भाषांतराचे पैसे पानामागे वेगळे.
चेक परत आलाय? मग मूळ चेक जपा,
लॅमिनेट वगैरे करू नका.
मी केला होता.
कोर्टाची फी ऐकल्यावर
मी फक्त पाणी मागितलं.

त्या रात्री खोलीच्या दारात बशीर हमदुले.
खेडचा. अकरा वर्षं माझ्याकडे.
ज्योत धरावी तर त्यानेच.
मागे आठ जण, कोणी चपला काढल्या नाहीत.
मी म्हणालो, वरून आले की देतो.
बशीर म्हणाला,
"हे तर त्यांचंच वाक्य, भाऊ.
तुम्ही निदान त्यावर सही केलीत.
आम्ही कुठे केली?"

सोमवारी ते लेबर ऑफिसला गेले,
माझ्याविरुद्ध.
गाडी माझीच. डिझेलही माझंच.
मग ती गाडी विकली,
दोन पगार फिटले, तिसरा राहिला.

फेब्रुवारीत कोर्टाने तज्ज्ञ नेमला:
इंजिनिअर इद्रीस, सुदानी, कमी बोलणारा.
"तुमचं काम दाखवा."
काय दाखवू?
भिंत पांढरी, गाड्या उभ्या,
कुणाची तरी मुलं सायकल फिरवतायत.

साक्षीला बशीर आला.
माझ्यावरची तक्रार मागे न घेता आला.
भिंतीच्या कडेकडेने चालत गेला,
खांबापाशी थबकला.
"इथे सांधा आहे. नववा.
इथे माझा अंगठा भाजला होता."

इद्रीसने तिथेच तळहात टेकवला,
बराच वेळ.
मग हात उजेडात धरून पाहिला
आणि कागदावर एकच शब्द लिहिला.
"जाफ," शशिधरन कानाशी पुटपुटला. "कोरडी."

निकाल अजून नाही.
अहवालावर त्यांची हरकत येणार,
हरकतीवर आमची.

रॅम्प चढताना बशीरने विचारलं,
"आजचा अर्धा दिवस मांडणार ना?"
मी वही काढली.
पूर्ण मांडला.
त्याने वाकून आकडा वाचला,
आणि म्हणाला, "खाली सही करा."