दोन वह्या

भावाची वही लाल कापडात बांधलेली.
रामकुंडावर छत्रीखाली तो ती मांडीवर उघडतो
आणि जळगावकडच्या कुणालाही
दोन मिनिटांत खापरपणजोबा काढून देतो.
आधी मोडी, मग बाळबोध, मग बॉलपेन.

माझी वही सरकारी, निळ्या पुठ्ठ्याची,
सिव्हिलमध्ये कुलपाच्या कपाटात.
नाव तिच्यातच राहतं.
बाहेरच्या कागदांवर फक्त आकडा:
अठ्ठेचाळीस भागिले तेवीस.

रविवारी गंगापूर रोडच्या सभागृहात दिगू बोलला.
जो देता येत नाही तो जीव घेणारे आपण कोण, म्हणाला.
टाळ्या.
मग निरभवणे वकीलबाई.
जिच्या अंगात तो वाढतो तिला आधी मोजा, म्हणाल्या.
टाळ्या कमी, पण मागच्या रांगेतून बराच वेळ.
दोघांच्या मध्ये पाण्याची बाटली एकच होती.
आधी बाईंनी ओतून घेतलं, मग
त्याने. सोवळं घरी ठेवून आला होता.

अठ्ठेचाळीस सुरगाण्याकडची. दोन एसट्या बदलून आलेली.
मालक बाहेर आहेत सहीला, म्हणाली.
नाही लागत त्यांची.
मग सासऱ्यांची?
नाही.
मग कुणाची?
तुमची.
तिने अंगठा पुढे केला, शाईच्या पॅडजवळ नेला,
आणि मागे घेतला.
लिहिता येतं मला, म्हणाली. चौथी झालेय.
नाव लिहायला तिला इतका वेळ लागला
की बाहेर मालकाने दुसरी बिडी पेटवली.

सगळ्या अशा नसतात.
एकीला दोन मुली होत्या. कारणाच्या रकान्यात
साधन निकामी ठरलं, असं आलं.
भिंतीवर बोर्ड आहे, येथे लिंगतपासणी होत नाही.
कुठे होते, ते बोर्डावर नाही.
सासू तिच्याऐवजी उत्तरं देत होती.
मी सासूला बाहेर बसवलं, पुन्हा विचारलं.
तिने तेच सांगितलं, अक्षर न बदलता.
मी उतरवून घेतलं.
त्या रात्री मला जेवण गेलं नाही,
आणि वकीलबाईंना हे सांगायचं धाडसही झालं नाही.

अमावस्येला दिगू घरी आला. वही सोबत होतीच.
तुझ्या वहीत यंदा किती, त्याने विचारलं.
सांगता येत नाही.
पाप लपवता तुम्ही.
बायका लपवतो, म्हटलं. आपलं पान काढ.

त्याने काढलं. दादा. खाली आई, द्वारका,
माहेरचं नाव नाही.
मग तो. मी नव्हतेच, मुली लिहीत नाहीत.
एकाहत्तरचा पावसाळा, मी म्हटलं.
कायदा यायला अजून वर्ष होतं.
भद्रकालीतून एक म्हातारी यायची, मागच्या दाराने,
फडक्यात काहीतरी बांधून.
आठ दिवस आईच्या चादरी पहाटे गोदेवर गेल्या.
मी चार वर्षांची. तू माझ्या कडेवर,
आणि जड होतास.
शेवटी टांग्यातून नेली तिला. वाचली.
दादांनी गावात हिवताप सांगितला.

तो बराच वेळ पानाकडे बघत राहिला.
मग म्हणाला, पिंडांत एक गर्भात गेलेल्यांचाही असतो.
त्याला नाव लागत नाही.
दर वर्षी देतो मी. कुणाचा, ते माहीत नव्हतं.

आणि तिला कुणी विचारलं होतं का रे, मी म्हटलं,
हवंय का, नकोय का, की नुसतं
पाजलं?
त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नाही.
तेवढी एकच सही राहून गेली घरात.

मी पेन पुढे केलं.
त्याने घेतलं, टोपण काढलं, लावलं,
आणि खिशाला अडकवून तसाच निघाला.
लाल कापडाची गाठ त्या दिवशी
नीट बसली नव्हती.

पुढच्या रविवारी सातपूरला त्याचं पुन्हा भाषण होतं.
गेला म्हणे.
काय बोलला माहीत नाही,
मला ड्यूटी होती.