कोपरा

आई दुधाची पिशवी कापायची
तेव्हा कोपरा पूर्ण तोडायची नाही.
केसभर ठेवायची.
तो लोंबत राहायचा
पडायला आलेल्या दातासारखा.

मग पिशवी उलटी करून धुवायची,
ते पांढुरकं पाणी कुंडीतल्या गवती चहाला,
आणि पिशव्या दोरीवर, चिमट्यांत,
माझ्या बनियनांच्या रांगेत.
अख्ख्या दांडिया बाजारात आमच्या गॅलरीची खूण तीच.
मला लाज वाटायची.

शनिवारी कंकुबेन यायची.
धुतलेल्या पिशव्यांना किलोमागे चार रुपये जास्त.
काट्याला आकडा, आकड्याला गोणी,
गोणीखाली हळूच तिचा अंगठा.
मी एकदा म्हटलं, आई, अंगठा बघ.
‘बघितलाय. बारा वर्षं बघतेय.’
आणि आठ आण्यांसाठी दोघी पुन्हा भांडायला लागल्या.

पुढे काय करतात गं यांचं, आईने विचारलं होतं.
मकरपुऱ्याला दळतात, बा. काळे दाणे होतात.
दाण्यांच्या बादल्या, मग.
आमच्या न्हाणीघरातला काळा मग
मंगळ बाजारातला, तीस रुपयांचा.
आई तो उलटसुलट करून बघायची:
आपलाच असेल रे हा, एखादवेळी.

भाद्रपदात त्याच मगाने
तिला शेवटचं पाणी घातलं.

पुढच्या पिशव्या मी कापल्या.
कात्रीने, सरळ. न धुता कोंबल्या.
कंकुबेनने गोणी उघडली, आंबूस भपकारा आला,
तिने तोंड बांधून टाकलं गोणीचं.
‘बा क्यां छे?’

सांगितलं.

ती जिन्याच्या पायरीवर बसली.
एक पिशवी काढून तिची कापलेली कड
बोटाने चाचपत राहिली बराच वेळ.
मग म्हणाली, निम्मं तिचं, निम्मं आईकडून उचललेलं मराठी,
‘खूणो तोडायचा नाय, भाई.
सुटला की गटारात जातो.
माझी पोरगी सगळं वेचते,
पण नखाएवढं तिलाबी दिसत नाय.’

उठली. काटा लावला.
या वेळी गोणीखाली अंगठा नव्हता.
पूर्ण वजन. पूर्ण पैसे, वर चार रुपये धुतल्याचे.
न धुतलेल्या पिशव्यांचे.
मी घेतले. नको म्हणायला सुचलं नाही.
तो अंगठा मात्र हवा होता मला तिथे.

आता सकाळी कात्री कोपऱ्यापाशी नेतो,
केसभर आधी थांबतो.
दूध भलत्याच बाजूने ओट्यावर सांडतं.
अजून जमत नाही.