सहाचा नऊ

रात्री तीन चाळीसला निहार तांडेल
माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.
हातात खोकल्याच्या औषधाचं खोकं, अजून न दुमडलेलं.
"मॅडम, ह्याच्यावर एकोणतीस आलंय."

यायला हवं होतं सव्वीस.

रबाळ्याला, पारसिकच्या डोंगराकडे पाठ करून
उभ्या असलेल्या आमच्या शेडमध्ये
तोवर नऊ हजार खोकी छापून झाली होती.
नऊ हजार बाटल्यांना आम्ही
तीन-तीन वर्षांचं आयुष्य
फुकट वाटायला निघालो होतो.

माझ्या तोंडात पहिल्यांदा जे आलं
ते माझं नव्हतं, देवस्थळी साहेबांचं होतं.
बावीस वर्षांपूर्वी ह्याच शेडमध्ये
ते मशीनच्या आवाजावर चढून ओरडायचे
आणि आम्ही शिकलो.
काम नाही, लपवायला.
जिन्याखालच्या पिंपात खराब माल,
वर चांगल्या कागदाचा एक थर.
एका दिवाळीला पिंप उपसलं
तेव्हा तळाच्या खोक्यांवर
अडीच वर्षं जुनी तारीख होती.
त्यातली मूठभर माझीही.
साहेबांना शेवटपर्यंत वाटायचं,
आपल्या शिफ्टमध्ये चुका होत नाहीत.

ते सगळं मी गिळलं. वेळ लागला.
पोरगं तेवढ्यात आपल्या बुटांकडे बघत होतं.
मशीन थांबवलंस?
"थांबवूनच आलो."
मग पाणी पी. आणि चल, दाखव.

आकड्यांची पेटी उघडली.
रबरी सहा, रबरी नऊ, एकाच घरात,
मधली फळी केव्हाची तुटलेली.
सहा उलटा बसला की नऊ होतो
हे काही तांडेलनं शोधून काढलेलं नाही.
आणि पहिल्या नमुन्याच्या कागदावर
'तपासले'च्या पुढे सही कोणाची?
माझी. अकरा वाजून दहा मिनिटं,
चष्मा पर्समध्ये.

हे मी सगळ्यांदेखत म्हटलं.
मोठेपणा नव्हता त्यात, कागदच समोर होता.

त्याच पर्समध्ये
भाचीच्या हळदीसाठी घेतलेलं लाल नेलपॉलिश निघालं.
प्रत्येक सहाच्या पायाशी एकेक ठिपका दिला.
तांडेल म्हणाला,
"आता सहाला कळेल, जमीन कुठे आहे."
हसलो. साडेचारला माणसं कशालाही हसतात.

त्याला सोडलं असं नाही.
नऊ हजार खोकी मोजायची, कापायची,
आकडा रजिस्टरात चढवायचा,
आणि सकाळच्या शिफ्टला ठिपका समजावून सांगायचा,
हे सगळं त्याच्याच गळ्यात.
आणि मी काही रोज अशी नसते.
परवाच मी शाईच्या डब्यावरून तडकले,
तेही भलत्याच माणसावर.

ऑफिसच्या फॉर्मवर 'कारण' ह्या रकान्यात
मी लिहिलं, पेटीची तुटलेली फळी.
फॉर्म परत आला. माणसाचं नाव हवं.
मग फळीच्या खाली माझं लिहिलं.

सहाला भोंगा झाला.
ठाणे-बेलापूर रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या
झोपलेली डोकी घेऊन सुटायला लागल्या.
गोठणकर मामा मात्र थांबले होते,
धुतलेला डबा दोन्ही हातांत धरून.
मामांचे दोन महिने उरलेत.
"ताई, ते भिवंडीहून माल परत आलेला…
रेवतीला काढलं तेव्हा…"
डब्याचं झाकण त्यांनी लावलं, काढलं, परत लावलं.
"ते माझ्या हातून झालं होतं."

चार वर्षं.
रेवती कुठे असते आता?
घणसोलीत, मला वाटतं.
फोन नंबर असेल कुणाकडे.

ह्या चुकीवर लावायला
माझ्याकडे ठिपका नव्हता.
खुर्ची ओढली.
बसा मामा, म्हटलं,
आणि चष्मा काढून
डोळ्यांवर चढवला.