हात वर

लिएपायाच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
दाइगा लोकांचे कान तपासते.
काचेच्या खोलीत माणूस, डोक्यावर हेडफोन,
बाहेर टेबलावर लॅपटॉप,
आणि दोघांत ठरलेली एकच गोष्ट:
ऐकू आलं की हात वर करा.

मला फोन आला अकराला.
रात्रीतून अपग्रेड झालं होतं, कुणाला न विचारता,
पाहुण्यानं येऊन स्वयंपाकघरातले डबे
आपल्या सोयीनं लावून ठेवावेत तसं.
आणि आवाज? हूं नाही की चूं नाही.
तपासणीच्या खिडकीमागे झाकलेल्या
इवल्या स्पीकरवर लाल फुली.

"पण ओयार्सनी बारा वेळा हात वर केला,"
दाइगा म्हणाली, "मी बारा खुणा केल्या."
आलेख इतका सुरेख, विशीतल्या पोराचा वाटावा.
म्हणूनच तिला शंका आली,
तिनं हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिले.
ओयार्स एकोणऐंशीचे.
चाळीस वर्षं लोखंड कापायच्या शेडमध्ये.

मी बसलो. तेही बसून राहिले, टोपी मांडीवर.
त्यांची बस दीडला.
वारा खिडकीची सुटलेली पट्टी वाजवत होता.
ऑडिओ सर्व्हिस बंद करून चालू केली.
ड्रायव्हरच्या पानावर लिहिलेलं:
हे उपकरण व्यवस्थित काम करत आहे.
असं म्हणणारे मला बरेच भेटतात.
मागच्या ड्रायव्हरवर जायचं बटण फिकट,
दाबलं तरी दबेना.
मग तो मुळासकट उपटला.
जुना होता माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यातल्या पेनड्राइव्हवर,
कंपनीनं कधीच मोडीत काढलेला.
असलं काही मी टाकत नाही, बायको कुरकुरते.

रीस्टार्ट.
फुली गेली. हिरव्या पट्ट्या नाचायला लागल्या.
लॅपटॉप तरीही मूग गिळून.
दहा मिनिटं मी स्वतःला शिव्या घातल्या,
मग दिसलं:
सगळा आवाज चालला होता शेजारच्या मोठ्या पडद्याकडे,
ज्याला स्पीकरच नाहीत.
गळा नाही त्याला गाणं दिलेलं.

एक टिचकी,
आणि टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक शीळ,
एक हजार हर्ट्झ, मुंगीएवढी.

दाइगानं ती लगेच खरी मानली नाही.
जुन्या ड्रायव्हरचे चाळीस डेसिबल
नव्या सिस्टिमवर चाळीसच कशावरून?
मीटर आणला, लावला, दोनचा फरक निघाला, जुळवला.
अशी माणसं मला आवडतात.

मग तिनं कागदावर ठळक लिहून विचारलं,
सकाळी तुम्हाला काय ऐकू येत होतं?

"शीळ," ओयार्स म्हणाले.
"ती असतेच. शेड बंद पडली तेव्हापासून.
दिवसा, रात्री, दाढी करताना.
तुम्ही म्हणालात ऐकू आलं की हात वर.
मी मधूनमधून करत होतो.
सारखा वर ठेवणं बरं दिसलं नसतं."

पुन्हा काचेची खोली. दाइगानं सांगितलं,
तुमची नेहमीची सोडून दुसरी शीळ आली तरच.
एक हजारावर हात वर आला, अर्धवट, खांद्यापर्यंत.
चार हजारावर ती वाढवत गेली,
साठ. सत्तर. ऐंशी.
हात टोपीवरच.
मला बाहेर, कुणाच्या तरी बंद हेडफोनमधून, तो ऐकू येत होता.

पावतीवर लिहिलं: ड्रायव्हर बदलला, आउटपुट बदललं, अडीच तास.
दीडची बस गेलेली, पुढची तीन वीसला.
गाडीनं सोडतो, मी म्हणालो.
मोठ्यांदा म्हणालो. आणखी एकदा म्हणालो.
ते माझ्या ओठांकडे बघत राहिले, सभ्यपणे मान हलवत.
मग मीच हात वर केला,
आणि किल्ल्या हलवून दाखवल्या.