बोदुआँसाठी कापड

मंगळवारी भाताच्या चिखलात पाय घालायचा नाही
अशी आमच्या टेकड्यांची रीत,
म्हणून मंगळवारी माझ्या खिडकीशी गर्दी.
एक संगणक, उन्हावर चालणारा,
आणि भिंतीवर वरून काढलेला गावाचा फोटो.
त्यात माझ्या आईचं घर
तांदळाच्या कणीएवढं दिसतं.

रावाउझाफी आली ती चपला हातात घेऊन,
फरशी मळू नये म्हणून.
मागे शेजारी, रांद्रियामासी,
आठ वर्षं तिच्याशी पाण्यावरून भांडलेला,
आणि आज तिची साक्ष द्यायला
चार कोस चालत आलेला.

चतुःसीमा सांगा, मी म्हणालो.
पूर्वेस पाट, सासऱ्यानं खणलेला.
पश्चिमेस हा, भांडण वगळून.
उत्तरेस टेकडी.
दक्षिणेस आमची मेलेली माणसं.

मी 'दफनभूमी' असं टंकलं.
तिला वाचून दाखवलं नाही.

मग नकाशा उघडला,
आणि तिचं खाचर पिवळं निघालं.
पिवळं म्हणजे मालक आहे.
फर्नां बोदुआँ, कॉफीचा मळेवाला,
नोंद एकोणीसशे एकतीस,
क्षेत्र एकशे बारा हेक्टर.
गोऱ्यांचं सरकार गेलं, झेंडा बदलला,
नोटांवरची चित्रं कितीदा बदलली,
कॉफीच्या झाडांची सरपणं होऊन राख झाली,
बोदुआँचा पिवळा रंग काही विटला नाही.
माणसाला मरण आहे, नोंदीला नाही.

'पिवळ्यावर दाखला देता येत नाही.'
हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय
की त्यात आता माझा आवाज उरलेला नाही.

कोण हा?
गेला. बोटीनं. बहुतेक वारलाही असेल.
बहुतेक?
तिनं रांद्रियामासीकडे पाहिलं.
त्याचं थडगं कुठाय इथं?
नाही.
मग जमीन त्याची कशी?
रांद्रियामासी मोठ्यानं हसला.
त्याचंही शेत पिवळंच होतं,
मी अजून सांगितलं नव्हतं.

मी वाट सांगितली:
अंतानानारिवोला अर्ज, मग कोर्ट,
वहिवाटीचा लेखी पुरावा,
मोजणीदाराची फी, दोन हंगामांच्या भाताएवढी.
परमुलखातल्या पावसाची बातमी ऐकावी
तसं तिनं ते ऐकलं,
आणि चपला उचलल्या.

चौथ्या मंगळवारी ती एकटीच आली, काखेत गाठोडं.
आत कापड, जाड रेशमाचं, मातकट,
जे आम्ही थंडीत
मेलेल्यांना बाहेर काढून नव्यानं गुंडाळतो,
कुणाचं लग्न झालं, कुठला बैल गेला ते त्यांना सांगतो,
आणि परत निजवतो.

बोदुआँसाठी, ती म्हणाली.
नव्वद वर्षं त्याला कुणी गुंडाळलं नाही,
म्हणून तो तुमच्या कागदांतून हिंडतोय.
त्याच्या लोकांचा पत्ता असेल ना त्यात?
धाडून दे. म्हणावं, नीट निजवा त्याला.
आमचा राग नाही.

आणि पदराची गाठ सोडत विचारलं,
टपाल किती पडेल?

मला काय सांगायला हवं होतं,
मी अजून रात्री ठरवतो आहे.
तेव्हा मी मला येतं तेवढंच केलं.
आवक वही ओढली.
क्रमांक दोनशे चौदा.
कापड, नग एक.
देणार: रावाउझाफी, भातशेती.
घेणार: फर्नां बोदुआँ.
शिक्का मारून पावती दिली.
तिनं ती घडी करून पोलक्यात ठेवली,
इतक्या जपून की मला वाटलं,
दाखला दिला असता तर तोही असाच ठेवला असता.

पैसे घेतले नाहीत.

परवा जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले.
खालचा खण ओढला, वाकून पाहिलं,
बोटांनी पोत चाचपला.
हे काय?

प्रकरण प्रलंबित आहे, मी म्हणालो.

बाहेर, खिडकीतून दिसत होतं,
ती पिवळ्यात वाकून रोपं लावत होती.